बंदरावरचे पेटंट : मोबाईल साहित्याचे आयातदार आणि भारतीय सीमाशुल्क व्यवस्था (२००७ ते २०१८)

प्रस्तावना

नागपूर जिल्ह्यातील सावनेर तालुक्यात असलेले खापरखेडा हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते तेथील १३४० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक वीज केंद्रामुळे. या गावाच्या बाजारपेठेत, राज्यातील कोणत्याही लहान बाजारपेठेप्रमाणेच, मोबाईलचे चार्जर, बॅटऱ्या, हेडफोन आणि कव्हर विकणारी दुकाने आहेत. हा माल सामान्यतः नागपूरच्या सीताबर्डीतून येतो. सीताबर्डीत तो मुंबईच्या मनीष मार्केट व मुसाफिरखाना परिसरातील घाऊक व्यापाऱ्यांकडून येतो आणि मुंबईत तो न्हावा शेवा बंदरातून किंवा विमानतळावरील मालधक्क्यातून येतो. त्याचे मूळ बहुतांशी चीनच्या शेंझेन शहरातील कारखान्यांत असते. या लांबलचक साखळीत शासनाचा हात मालाला प्रत्यक्ष लागतो तो एकाच ठिकाणी, सीमाशुल्क विभागाच्या दारात.

या दारात पूर्वी तीन प्रश्न विचारले जात असत. माल कोणता, त्याची किंमत किती आणि त्यावर शुल्क किती. बनावट मुद्रांचा प्रश्नही जुनाच होता. २००७ साली त्यात एका सर्वस्वी वेगळ्या जातीच्या प्रश्नाची भर पडली : या मालात कोणाचे पेटंट वापरले गेले आहे काय? हा प्रश्न विचारण्याचा व त्याचे उत्तर देण्याचा अधिकार सीमाशुल्क अधिकाऱ्याकडे कसा आला, त्याचा मोबाईल व तत्सम मालाच्या आयातदारांवर काय परिणाम झाला आणि अकरा वर्षांनी तो अधिकार का काढून घेण्यात आला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. आर्थिक उदारीकरणाच्या इतिहासात हा प्रसंग लहान वाटेल. परंतु हक्काचा निवाडा कोणी करावा या जुन्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे.

पूर्वपीठिका : कायद्यातील एक निद्रिस्त शब्द

भारतात पेटंटविषयक पहिला कायदा १८५६ साली झाला. पुढे अनेक दुरुस्त्या होऊन १९११ चा भारतीय पेटंट व डिझाइन कायदा आला आणि तो स्वातंत्र्यानंतरही दोन दशकांहून अधिक काळ टिकून राहिला. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार समितीच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे १९७० चा पेटंट कायदा तयार झाला व तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. या संपूर्ण काळात पेटंटचा भंग ही दोन पक्षांमधील दिवाणी बाब मानली गेली. ज्याचा हक्क डावलला गेला त्याने न्यायालयात जावे, पुरावा द्यावा आणि मनाई हुकूम व नुकसानभरपाई मागावी, हीच रीत होती.

सीमाशुल्काचा कायदा मात्र वेगळ्या वाटेने वाढला. १८७८ च्या सागरी सीमाशुल्क कायद्याने खोट्या व्यापारमुद्रेचा माल देशात आणण्यास बंदी घातली होती. मँचेस्टरच्या कापडावरील शिक्का खरा की खोटा, हे पाहणे अधिकाऱ्याच्या डोळ्यांना शक्य होते. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने हीच परंपरा पुढे चालवली. त्याच्या कलम ११ मध्ये केंद्र सरकार कोणकोणत्या हेतूंसाठी आयात वा निर्यातीवर बंदी घालू शकते याची लांब यादी आहे. त्या यादीत 'पेटंट, व्यापारमुद्रा व स्वामित्वहक्क यांचे संरक्षण' असाही एक हेतू नमूद आहे. म्हणजे पेटंट हा शब्द कायद्यात पहिल्यापासून होता. परंतु १९६४ साली या कलमाखाली जी अधिसूचना निघाली ती प्रामुख्याने खोट्या मुद्रा व खोटी वर्णने यांच्या संदर्भात होती. पेटंटचा शब्द चार दशकांहून अधिक काळ कायद्याच्या पुस्तकात निजून राहिला.

तो निजून राहिला यामागे कारण होते. व्यापारमुद्रा मालावर छापलेली असते. पेटंट मालाच्या आत दडलेले असते. पेटंटचा भंग झाला की नाही हे ठरविण्यासाठी पेटंटच्या दाव्यांतील प्रत्येक घटक वाचावा लागतो आणि तो घटक समोरच्या वस्तूत आहे काय, हे तपासावे लागते. त्याहूनही पुढची गोष्ट म्हणजे पेटंट मंजूर झाले म्हणून ते वैध ठरतेच असे नाही. १९७० च्या कायद्याचे कलम १३(४) स्पष्ट सांगते की, पेटंट कार्यालयाने केलेली तपासणी ही पेटंटच्या वैधतेची हमी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या १९७८ सालच्या निकालात हेच तत्त्व ठामपणे मांडले. तो खटला भांडी तयार करताना ती लेथवर धरून ठेवण्याच्या साधनासंबंधी होता. न्यायालयाने त्या पेटंटमध्ये नवीन शोध आढळत नाही, असे म्हणून ते रद्दबातल ठरविले. भांडी घडविणाऱ्या कारागिरांच्या एका साध्या साधनाचा निवाडा होण्यास देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, ही बाब येथे विसरता येत नाही.

याच कायद्याचे कलम १०४ आणखी बोलके आहे. पेटंटभंगाचा दावा जिल्हा न्यायालयाहून खालच्या न्यायालयात दाखल करता येत नाही. प्रतिवादीने पेटंट रद्द करण्याची प्रतिमागणी केली तर जिल्हा न्यायाधीशही तो दावा चालवू शकत नाहीत; दावा व प्रतिमागणी दोन्ही उच्च न्यायालयाकडे वर्ग होतात. विधिमंडळाला या विषयाची अवघड प्रकृती पुरती ठाऊक होती, याचा याहून चांगला पुरावा शोधण्याची गरज नाही.

२००७ चे नियम

१९९५ साली जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली व तिच्याबरोबर ट्रिप्स करार आला. या कराराच्या अनुच्छेद ५१ ते ६० मध्ये सीमेवरील उपाययोजनांची तरतूद आहे. या तरतुदींचे वाचन करताना एक भेद लक्षात घ्यावा लागतो. अनुच्छेद ५१ ने सदस्य राष्ट्रांवर जे बंधन घातले ते बनावट मुद्रांचा माल व चोरून छापलेल्या कलाकृती यांच्यापुरतेच. पेटंटसह अन्य बौद्धिक संपदांसाठी सीमेवर माल अडविण्याची सोय करावी की नाही, हे प्रत्येक देशाच्या इच्छेवर सोडलेले होते.

भारताने ती इच्छा दाखविली. ८ मे २००७ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना क्रमांक ४७ अन्वये बौद्धिक संपदा हक्क (आयात माल) अंमलबजावणी नियम लागू केले. त्याच दिवशी अधिसूचना क्रमांक ४९ निघाली व भारतात पेटंट अमलात असलेला, परंतु पेटंटधारकाच्या संमतीविना परदेशात तयार झालेला माल आयातबंदीच्या यादीत आला. पेटंट असलेल्या प्रक्रियेने थेट तयार झालेला मालही तिच्यात समाविष्ट होता. करार जे मागत नव्हता ते देशाने आपणहून देऊ केले. औषधांच्या पेटंटवरून २००५ साली संसदेत व संसदेबाहेर मोठी चर्चा झाली होती. या नियमांवर मात्र तशी चर्चा झाली नाही. ते अधिसूचनेने आले व राजपत्रात छापले गेले.

नियमांची रचना वरकरणी सुटसुटीत होती. हक्कधारकाने दोन हजार रुपये शुल्क भरून आयुक्ताकडे सूचना नोंदवावी. नोंद झाली की देशभरातील सीमाशुल्क ठाण्यांना ती उपलब्ध होत असे. संशयित माल आला की उपायुक्त किंवा सहायक आयुक्त त्याची सोडवणूक स्थगित करीत. हक्कधारकाने दहा कामकाजी दिवसांत कार्यवाहीत सहभागी व्हावे, अन्यथा माल सोडावा. ही मुदत आणखी दहा दिवस वाढविता येत असे. मालाच्या किमतीवर आधारित बंधपत्र व तारण हक्कधारकाकडून घेतले जाई, जेणेकरून तक्रार खोटी ठरल्यास आयातदाराचे नुकसान भरून निघावे. प्रवाशाच्या सामानातील वैयक्तिक वापराच्या थोड्याशा वस्तू नियमांतून वगळल्या होत्या. सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यालाही संरक्षण होते. अखेर माल हक्कभंग करणारा ठरला तर तो जप्त करून नष्ट करण्याची तरतूद होती.

मुंबईच्या बाजारात या दहा अधिक दहा दिवसांचा हिशेब कसा पडत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. कंटेनर बंदरात पडून राहतो तेव्हा बंदराचे भाडे व जहाज कंपनीचे भाडे असे दोन मीटर एकाच वेळी चालू असतात. लहान आयातदार बहुधा उधारीच्या भांडवलावर माल आणतो. त्याचा माल काही महिन्यांत जुना होणारा असतो, कारण नवीन हँडसेट आला की जुन्या आकाराच्या कव्हरला विचारणारा उरत नाही. शिवाय तो कारखानदार नसतो. चार्जरच्या आत कोणते सर्किट आहे, हे त्याच्या बिलावर लिहिलेले नसते आणि शेंझेनच्या पुरवठादाराला विचारले तरी उत्तर मिळण्याची शाश्वती नसते. पेटंटच्या वैधतेवर उच्च न्यायालयात लढण्यापेक्षा तडजोडीची रक्कम देऊन माल सोडवून घेणे त्याला परवडते. नियमातील वीस दिवस कागदावर अल्प दिसतात. व्यापारात ते निकालाइतकेच निर्णायक ठरू शकतात.

खुद्द सीमाशुल्क मंडळालाही ही अडचण जाणवली होती. नियम येऊन सहा महिने होण्याच्या आतच, २९ ऑक्टोबर २००७ रोजी, परिपत्रक क्रमांक ४१ निघाले. मुद्रा व स्वामित्वहक्काचा भंग सीमेवर ओळखणे अवघड नाही. परंतु पेटंट, डिझाइन व भौगोलिक निर्देशन यांच्या बाबतीत, भारतातील न्यायालयाने भंग आधीच निश्चित केलेला असल्याखेरीज, अधिकाऱ्यांनी अत्यंत सावधगिरी बाळगावी, असा त्याचा आशय होता. अधिकार देणारी अधिसूचना आणि तो वापरू नका असे सुचविणारे परिपत्रक, दोन्ही एकाच शासनाची, एकाच वर्षातील. प्रशासनाच्या इतिहासात असे प्रसंग विरळ नाहीत. येथे त्याची किंमत मात्र अधिकाऱ्याने नव्हे, आयातदाराने मोजली.

मदुराईचे पेटंट

नियमांची पहिली मोठी कसोटी मोबाईल हँडसेटवर लागली. मदुराईच्या एस. रामकुमार यांनी एकापेक्षा अधिक सिम कार्डे चालविणाऱ्या मोबाईल फोनसाठी मार्च २००२ मध्ये पेटंटचा अर्ज केला होता. २००८ साली त्यांना पेटंट क्रमांक २१४३८८ मिळाले. त्या सुमारास दोन सिमचा फोन भारतीय बाजारात झपाट्याने पसरत होता. एका कंपनीचे सिम बोलण्यासाठी स्वस्त, तर दुसऱ्याचे गावाकडे चालणारे, अशी ग्राहकाची निकड होती. पेटंटची नोंद सीमाशुल्क विभागाकडे झाल्यावर २००९ साली असे हँडसेट अडविण्यात येऊ लागले व प्रकरण मद्रास उच्च न्यायालयातही पोहोचले.

आयातदारांसाठी ते वर्ष अन्यथाही कठीण होते. आयएमईआय क्रमांक नसलेल्या हँडसेटच्या आयातीवर जून २००९ मध्ये बंदी आली आणि ३० नोव्हेंबर २००९ नंतर अशा फोनची सेवा खंडित करण्यात आली. सुरक्षेच्या कारणास्तव घातलेली ही बंदी कोणालाही तपासता येण्यासारखी होती, कारण क्रमांक आहे किंवा नाही हे पाहता येते. दोन सिमच्या पेटंटचे तसे नव्हते.

स्पाइस व सॅमसंग या कंपन्यांनी पेटंट रद्द करण्यासाठी चेन्नई येथील बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे अर्ज केले. जून २०१२ मध्ये मंडळाने पेटंट क्रमांक २१४३८८ रद्द केले. आधीच ज्ञात असलेल्या तंत्रज्ञानाच्या तुलनेत त्यात शोधाचे पुरेसे पाऊल नव्हते, असा निर्णय झाला. म्हणजे ज्या हक्काच्या आधारे बंदरांवर माल अडला तो हक्क कायद्याच्या दृष्टीने टिकणारा नव्हता, हे कळण्यास पेटंट मिळाल्यापासून चार वर्षे लागली.

या प्रकरणाकडे केवळ बड्या हक्कधारकाने लहान व्यापाऱ्यावर केलेला अन्याय म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. येथे पेटंटधारक एक व्यक्ती होती आणि समोर जगातील बलाढ्य कंपन्यांपैकी एक होती. सीमेवरील उपाययोजना ही एकट्या संशोधकाच्या हातातील स्वस्त व परिणामकारक साधन ठरू शकते, हा युक्तिवाद मदुराईच्या उदाहरणाने बळकट होतो. परंतु तेच साधन त्याच किमतीत पुढे कोणाच्याही हाती जाऊ शकत होते. ज्या आयातदारांमागे सॅमसंगसारखे वकील नव्हते, त्यांनी त्या चार वर्षांत काय केले, याची नोंद निकालपत्रांत सापडत नाही.

कोरीव अक्षरांचा खटला

मुंबईशी निगडित असलेले दुसरे प्रकरण कायद्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. भरत भोगीलाल पटेल यांच्याकडे लेसरच्या साहाय्याने चिन्हांकन व कोरीवकाम करण्याच्या यंत्राचे, तसेच धातू वा अधातूवर कोरीव नक्षी असलेल्या वस्तू तयार करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट होते. प्रक्रियेच्या पेटंटचा क्रमांक १८९०२७. या पेटंटच्या आधारे सीमाशुल्क विभागाकडे तक्रार नोंदविली गेली आणि एलजी इलेक्ट्रॉनिक्स इंडिया या कंपनीच्या मालाची सोडवणूक अडचणीत आली.

या दाव्याची व्याप्ती समजून घेण्यासाठी एखादा मोबाईल वा त्याची बॅटरी डोळ्यांसमोर आणावी. तिच्यावर कंपनीचे नाव, अनुक्रमांक, कळांवरील अक्षरे अशी कितीतरी चिन्हे असतात. ही चिन्हे लेसरने कोरली की रंगाने छापली, आणि लेसरने कोरली असल्यास ती नेमकी पेटंटमध्ये वर्णिलेल्या क्रमाने कोरली काय, हे बंदरातील टेबलावर ठेवलेल्या तयार वस्तूकडे पाहून सांगता येणार नाही. पेटंट कायद्याच्या कलम ४८ नुसार प्रक्रियेचे पेटंट त्या प्रक्रियेने थेट तयार झालेल्या वस्तूलाही लागू होते. त्यामुळे कोरिया वा चीनमधील कारखान्यात काय घडले, याचा निवाडा भारतातील सहायक आयुक्ताने करावा, अशी विलक्षण परिस्थिती निर्माण झाली. पेटंटभंगाच्या दाव्यात प्रक्रियेबाबत पुराव्याचा भार प्रतिवादीवर टाकण्याची सोय कलम १०४अ मध्ये आहे खरी. परंतु तो भार टाकायचा की नाही, हे न्यायालयाने पाहावयाचे असते.

एलजीने दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. पेटंट कायद्याच्या कलम १०६ मध्ये निराधार धमक्यांविरुद्ध दाद मागण्याची तरतूद आहे. सीमाशुल्काकडे दिलेली तक्रार हीदेखील अशीच धमकी आहे, अशी कंपनीची भूमिका होती. न्यायमूर्ती मनमोहन सिंग यांनी १३ जुलै २०१२ रोजी दिलेल्या निर्णयात ही भूमिका स्वीकारली. पेटंटचा भंग झाला आहे हे न्यायालयाने निश्चित केलेले नसताना केवळ हक्कधारकाच्या तक्रारीवर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी माल अडवू नये, पेटंटची वैधता व भंग ही न्यायालयाने ठरविण्याची बाब आहे, असा या निर्णयाचा गाभा होय. २००७ च्या परिपत्रकातील सावधगिरीच्या सूचनेचा त्यात आधार घेण्यात आला. पाच वर्षे सल्ल्याच्या स्वरूपात असलेल्या सूचनेला अशा रीतीने न्यायालयीन आदेशाचे बळ प्राप्त झाले.

परदेशातील दोन आरसे

याच काळात भारत सरकार जिनिव्हा येथे याच प्रश्नावर नेमकी उलट बाजू मांडीत होते. डिसेंबर २००८ मध्ये डॉ. रेड्डीज कंपनीचे लोसार्टन हे रक्तदाबावरील औषध ब्राझीलकडे जात असताना नेदरलँड्समध्ये अडविण्यात आले. भारतात व ब्राझीलमध्ये त्यास पेटंटची बाधा नव्हती. केवळ वाटेवरच्या देशातील पेटंटचा आधार घेतला गेला. युरोपीय संघाच्या २००३ च्या सीमाशुल्क नियमावलीत पेटंटचा समावेश असल्याने हे शक्य झाले. भारताने मे २०१० मध्ये जागतिक व्यापार संघटनेत युरोपीय संघ व नेदरलँड्सविरुद्ध तक्रार दाखल केली. ब्राझीलनेही तसेच केले. परदेशी सीमाशुल्क अधिकाऱ्याने पेटंटच्या नावाखाली भारतीय माल अडविणे अन्यायाचे आहे, हे सांगणाऱ्या सरकारच्या स्वतःच्या बंदरांत पेटंटच्या नावाखाली माल अडविण्याचे नियम लागू होते. एक प्रकरण वाटेवरच्या मालाचे आणि दुसरे आयात मालाचे, हा कायदेशीर भेद मान्य केला तरी विसंगती पुरती मिटत नाही.

दुसरा आरसा अमेरिकेचा. तेथे १९३० च्या आयात शुल्क कायद्याच्या कलम ३३७ खाली आंतरराष्ट्रीय व्यापार आयोग आयात मालातील पेटंटभंगाची चौकशी करतो, आणि मोबाईलच्या साहित्याचे आयातदार तिच्यात वारंवार सापडतात. ऑटर प्रॉडक्ट्स या कंपनीच्या तक्रारीवरून मोबाईलच्या संरक्षक कव्हरची चौकशी २०११ साली सुरू झाली व २०१२ साली सर्वसाधारण आयातबंदीचा आदेश निघाला. फोनच्या पाठीवर चिकटविण्याच्या उघडझाप होणाऱ्या मुठीसंबंधी पॉपसॉकेट्स कंपनीची तक्रार २०१७ ची, तिच्यावरील आदेश २०१८ चा. सर्वसाधारण आदेश हा चौकशीत पक्षकार नसलेल्या आयातदारालाही बांधतो, म्हणून तो अत्यंत कठोर आहे. परंतु त्याआधी चौकशीची जाहीर सूचना निघते, विधिज्ञ न्यायाधीशापुढे साक्षीपुरावा होतो, आयोग त्याचे पुनर्विलोकन करतो आणि राष्ट्राध्यक्षांना साठ दिवसांत आदेश नाकारण्याचा अधिकार असतो. ऑगस्ट २०१३ मध्ये सॅमसंगच्या तक्रारीवर अ‍ॅपलच्या जुन्या आयफोनविरुद्ध निघालेला आदेश या रीतीने नाकारलाही गेला. सीमाशुल्क अधिकारी तेथे केवळ शेवटची पायरी असतो. भारतातील नियमांत मधल्या पायऱ्या गाळून थेट शेवटची पायरी आधी बांधली गेली होती.

न्यायालयाच्या मार्गाने

२०१२ नंतर हक्कधारकांनी आपला मार्ग बदलला. मार्च २०१३ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीने मायक्रोमॅक्सविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात आठ पेटंटांच्या आधारे दावा केला. मायक्रोमॅक्सचा माल आला की सीमाशुल्क विभागाने एरिक्सनला कळवावे, असा अंतरिम आदेश झाला. ८ डिसेंबर २०१४ रोजी शाओमीच्या आयातीस व विक्रीस मनाई झाली. आठवड्याभराने खंडपीठाने क्वालकॉमची चिप असलेल्या हँडसेटना प्रत्येकी शंभर रुपये अनामत ठेवण्याच्या अटीवर तात्पुरती मोकळीक दिली. २ सप्टेंबर २०१५ रोजी मुंबईस्थित आयबॉल कंपनीच्या हँडसेटच्या आयातीस मनाई झाली. हा आदेश देणारे न्यायमूर्तीही मनमोहन सिंगच होते. तीन वर्षांपूर्वी सीमाशुल्क अधिकाऱ्याचा हात रोखणाऱ्या न्यायाधीशांनीच आता न्यायालयाचा हात उगारला, यात विरोध नाही. निवाडा कोणी करावयाचा, एवढाच त्यांच्या पहिल्या निर्णयाचा मुद्दा होता.

आयातदाराच्या दृष्टीने मात्र फरक किती पडला, हे विचारणे योग्य होईल. एकतर्फी अंतरिम आदेशानेही माल अडतो. पण तेथे वकील उभा करता येतो, चिपच्या परवान्याचा पुरावा दाखविता येतो आणि शाओमीप्रमाणे आठ दिवसांत अटी बदलूनही घेता येतात. सहायक आयुक्ताच्या टेबलापुढे यातले थोडेच शक्य होते. चार्जर व कव्हर आणणाऱ्या लहान व्यापाऱ्याला मात्र दिल्लीतील वकिलाची फी हीच मुळात अडवणूक असते, हेही तितकेच खरे.

२०१८ ची दुरुस्ती आणि त्यानंतर

२२ जून २०१८ रोजी अधिसूचना क्रमांक ५६ अन्वये २००७ च्या नियमांत दुरुस्ती करण्यात आली व त्यांतून पेटंट कायद्याचा उल्लेख वगळण्यात आला. २००७ च्या नियमांप्रमाणेच ही दुरुस्तीही अधिसूचनेनेच आली. पेटंट रद्द करण्याचे अर्ज ऐकणारे बौद्धिक संपदा अपील मंडळही पुढे एप्रिल २०२१ मध्ये बरखास्त झाले व त्याचे काम उच्च न्यायालयांकडे गेले.

१९६२ च्या कायद्यातील मूळ शब्द मात्र २०१८ च्या दुरुस्तीने गेला नाही. कलम ११ मध्ये पेटंटचे संरक्षण हा बंदीचा एक हेतू म्हणून त्या दुरुस्तीनंतरही कायम राहिला. त्याचा वापर करणारे नियम तेवढे मागे घेतले गेले. व्यापारमुद्रा, स्वामित्वहक्क व भौगोलिक निर्देशन यांच्यासोबत डिझाइनही नियमांत राहिले. मोबाईलच्या साहित्याच्या बाबतीत हा शेवटचा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. चार्जरच्या आतील सर्किट पेटंटच्या कक्षेत येते; पण त्याची बाह्य ठेवण, कव्हरचा आकार, हेडफोनच्या डबीचे वळण, हे २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदविता येते. परिपत्रक क्रमांक ४१ ने डिझाइनलाही पेटंटच्याच पंक्तीत बसविले होते आणि दोहोंसाठी सारखीच सावधगिरी सांगितली होती. त्यांपैकी एक नियमांतून बाहेर पडले, दुसरे आतच राहिले. नोंदविलेल्या चित्राशेजारी कव्हर ठेवून दोन्ही सारखी आहेत की नाहीत हे ठरविण्याचे काम न्हावा शेव्यातील अधिकाऱ्याच्या टेबलावरून हललेले नाही.